माल मोजावा दोघांच्या समोर

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये, जपानी मार्केटमध्ये, अंबरनाथ आणि बदलापूरच्या स्टेशनलगतच्या बाजारात आपली पुष्कळ मुले-मुली काउंटरवर, गोदामात आणि माल घरपोच देण्याच्या कामावर आहेत. काही बंधू-भगिनींनी हिंमत करून स्वतःची लहान दुकानेही काढली आहेत. कोणाचा किराणा, कोणाचे जनरल स्टोअर, कोणाचे रेडिमेड कपडे. नोकर असो की मालक, महिनाअखेरीस एक प्रश्न सर्वांपुढे उभा राहतो : माल कमी कसा भरला? स्वतःच्या दुकानात हा प्रश्न नवरा-बायकोत भांडण लावतो. दुसऱ्याच्या दुकानात त्याची भरपाई बहुधा नोकराच्या पगारातून होते, आणि त्याहून वाईट म्हणजे पोराच्या नावावर चोरीचा शिक्का बसतो.

आता लहान दुकानांतही बारकोड वाचणारे यंत्र, बिल छापणारे यंत्र आणि मोबाईलवरचे हिशेबाचे अॅप आले आहे. "कॉम्प्युटर दहा नग कमी दाखवतोय," असे मालक म्हणाला की समोरच्याची बोलतीच बंद होते. म्हणून ही यंत्रे काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, हे घरातल्या सर्वांना माहीत असले पाहिजे.

पट्ट्यांमागचा क्रमांक

बारकोडचे पेटंट अमेरिकेतील जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांना १९५२ साली मिळाले. तारायंत्रातील मोर्सच्या टिंब-रेघांवरून वुडलँडला ही कल्पना सुचली होती. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात आजच्या पद्धतीचा बारकोड प्रथमच यंत्राने वाचून वस्तू विकली गेली. ती वस्तू म्हणजे च्युइंगगमचे पाकीट. आपल्याकडे हे क्रमांक देणारी संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. तिला आज जीएस-वन इंडिया म्हणतात.

साबण, चहा, बिस्किटे यांच्या वेष्टनावर काळ्या पट्ट्यांखाली बहुधा तेरा आकडे असतात. सुरुवातीला ८९० असेल तर तो क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतलेला आहे एवढेच समजावे. माल भारतातच बनला असा त्याचा अर्थ नाही. शेवटचा आकडा तपासणीचा. आधीच्या बारा आकड्यांचे ठराविक गणित करून तो काढतात, त्यामुळे वाचताना किंवा टाइप करताना चूक झाली तर यंत्र ती बहुतेक वेळा पकडते.

या पट्ट्यांत किंमत नसते, आणि नेहमीच्या बारकोडात मुदतीची तारीखही नसते. असतो तो फक्त क्रमांक. किंमत आणि शिल्लक दुकानाच्या कॉम्प्युटरमधील यादीत लिहिलेली असते, आणि ती यादी माणसानेच भरलेली असते. शिवाय एकाच प्रकारच्या सर्व पुड्यांवर एकच क्रमांक असतो. दहा पुड्यांतली कोणती विकली आणि कोणती उंदराने कुरतडली, हे बारकोडला सांगता येत नाही.

दुरून बोलणारी चिठ्ठी

दुसरे तंत्र आरएफआयडीचे. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग सर्वांनी पाहिला आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर तो सक्तीचा झाला. त्याच जातीची चिठ्ठी कपड्याला लावता येते. तिच्यात बारीक चिप आणि धातूची अँटेना असते, बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राच्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देता येतो, आणि खोके न उघडता शेकडो नग थोड्या वेळात मोजता येतात. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानांत टोपलीतला सगळा माल एकदम मोजला जातो, तो याच तंत्राने.

मग आपल्या दुकानाला हे परवडेल काय? एका चिठ्ठीला काही रुपये पडतात आणि वाचणारे चांगले यंत्र हजारांच्या घरात जाते. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याला हा खर्च झेपणार नाही. पत्र्याचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या यांच्याशी या लहरींचे जमतही नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात मात्र एका नगाची किंमत मोठी, त्यात मापे आणि रंग अनेक. तिथे अशी चिठ्ठी कधीतरी उपयोगी पडेल. किराणा दुकानाला आज बारकोड, काटा आणि वही एवढेच पुरे.

साधे गणित

यंत्र कोणतेही असो, गणित एकच. सुरुवातीची शिल्लक, त्यात आलेला माल मिळवा, विकलेला आणि खराब होऊन किंवा परत जाऊन कमी झालेला वजा करा. समजा, महिन्याच्या आरंभी साबणाच्या १२० वड्या होत्या. ६० आल्या, ९५ विकल्या, ३ ओल्या झाल्या म्हणून परत गेल्या. कागदावर ८२ राहिल्या पाहिजेत. मांडणीवर मोजल्या तर ७९ भरल्या. तूट ३.

ही तूट म्हणजे चोरीच, असे नाही. गर्दीत बिल न करता वडी दिली गेली असेल. पाच वड्यांच्या पाकिटावरची फुकट वडी नोंदीत दोनदा धरली गेली असेल. घाऊक व्यापाऱ्याकडून डझनात कमी आल्या असतील आणि कोणी मोजून घेतल्या नसतील. लिंबाच्या साबणाऐवजी गुलाबाचा बारकोड दाबला गेला असेल. मग एका जागी तूट आणि दुसऱ्या जागी वाढ दिसते. सुट्या तूरडाळीत, गुळात तर ओल सुकूनही वजन घटते. यंत्राला फक्त नोंद दिसते. माल पाहायला माणूसच लागतो.

पगारात काट मारण्याआधी

म्हणून दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींनी काही गोष्टी पाळाव्यात. माल आला की बिलाशी ताडून मोजावा आणि मोजूनच सही करावी. खोके फुटके असेल तर तसे बिलावरच लिहावे. बिल करण्याचा आपला पिन कोणाला देऊ नये, आणि दुसऱ्याच्या नावाने बिल करू नये. "घाई आहे, माझ्या नावावरच कर" असे सांगणारा मित्रच पुढे हात वर करतो. महिन्याची मोजणी मालकाबरोबर उभे राहून करावी, आणि तिची एक प्रत किंवा मोबाईलवर फोटो ठेवावा.

कायदाही समजून घ्यावा. मालाच्या नुकसानीपोटी पगारातून मनाला येईल तशी कपात करता येत नाही. तो माल त्या कामगाराच्या ताब्यात सोपविलेला असला पाहिजे, तूट त्याच्याच हयगयीमुळे झालेली असली पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आले आहे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही ते कायम आहे. सर्व प्रकारची कपात मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये, असेही ती सांगते. चार जणांत एकच काउंटर असेल, सगळ्यांचा पिन एकच असेल, तर तूट एकाचीच कशी ठरली, हे विचारण्याचा कामगाराला हक्क आहे. समजूत घालून भागले नाही तर कामगार विभागाच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. त्या वेळी जवळ ठेवलेली मोजणीची प्रतच कामी येते.

रेशनचे दुकानही दुकानच

सरकारने ज्या लहान दुकानांत शिल्लक मोजणारे यंत्र बसविले ती दुकाने आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. महाराष्ट्रात २०१७ पासून रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रे आली. राज्यात अशी पन्नास हजारांहून अधिक दुकाने आहेत. गोदामातून किती धान्य आले, किती कार्डांवर किती गेले आणि किती उरले, याची नोंद या यंत्रातून होते. पूर्वी "माल आलाच नाही" असे सांगितले की गृहिणी पिशवी घेऊन परत फिरायची. आता आलेल्या धान्याची नोंद तपासता येते. हा मोठाच फायदा आहे.

पण इथेही तीच मेख आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाने अंगठा दिला की २५ किलोची नोंद झाली. पिशवीत २३ किलोच पडले, तर? यंत्राच्या हिशेबात काहीच तूट दिसणार नाही. दोन किलोची तूट दिसेल ती आपल्या घरच्या डब्यात. ही पळवाट बुजावी म्हणून ई-पॉसला इलेक्ट्रॉनिक तोलकाटा जोडण्यास उत्तेजन देणारा बदल केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये नियमांत केला. जिथे काटा जोडलेला नाही, तिथे आपले डोळे हाच उपाय.

तेव्हा भगिनींनी अंगठा देण्याआधी पडद्यावरचा आकडा वाचावा. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी बरोबर न्यावी. मग काट्याकडे पाहावे, आणि यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकला की त्या कार्डावर कधी, किती धान्य दिले गेले ते दिसते. तक्रारीसाठी १९६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. दुकानदाराशी भांडण करण्याची गरज नाही. पावती आणि वजन दोन्ही समोर ठेवून विचारले की पुरे.

स्वतःचे दुकान असेल तर

यंत्र विकत घेण्याआधी मोजणीची सवय लावावी. सर्व दुकान एका दिवसात मोजू नये. सोमवारी साबण-पावडर, मंगळवारी चहा-साखर, असे रोज एक फळी मोजली तरी महिन्यात सगळे दुकान होते. जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवावा. मुदतीची तारीख वेगळी लिहावी, कारण बारकोड ती सांगणार नाही. बचत गटाच्या मसाल्याला किंवा पापडाला कंपनीचा क्रमांक नसतो. आपल्याच दुकानापुरते २ ने सुरू होणारे अंतर्गत क्रमांक देऊन चिकटपट्टीवर छापता येतात. हा माल बाहेरच्या मोठ्या दुकानांत पाठवायचा झाला, तर मात्र रीतसर क्रमांक घ्यावा लागतो.

आपल्या भागाला आणखी एक कारण आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने हा सगळा पट्टा बुडविला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी एवढे पसरले की बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. पाणी ओसरल्यावर पंचनामा करणारा किंवा विमा कंपनीचा माणूस विचारतो, दुकानात माल किती होता? चिखल झालेल्या पिठाकडे बोट दाखवून रक्कम सिद्ध होत नाही. ज्याच्याजवळ शिल्लक मालाची ताजी यादी आणि खरेदीची बिले असतात, त्याचे म्हणणे टिकते. म्हणून पावसाळ्याआधी यादी पुरी करावी. अॅपमधील नोंदीची एक प्रत घरातल्या दुसऱ्याच्या मोबाईलवरही ठेवावी, आणि वही असेल तर ती गल्ल्याखाली न ठेवता वरच्या फळीवर ठेवावी.

मुलांना हिशेबात सामील करून घ्यावे. आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी रोज रात्री दहा मिनिटे एक फळी मोजून वहीत लिहू शकते. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे, आणि आकडा जुळला नाही तर आवाज न चढविता पुन्हा मोजावे. उद्या हीच मुले दुसऱ्याच्या काउंटरवर उभी राहतील, तेव्हा पडद्यावरच्या आकड्याला घाबरणार नाहीत. "चला, माल मोजून बघू," एवढे शांतपणे म्हणण्याची हिंमत त्यांच्यात आलेली असेल.