गाडी दारात, किल्ली कुणाच्या हातात?

घरात नवं यंत्र आलं की एक गंमत हमखास दिसते. कुकर येवो, मिक्सर येवो की कपडे धुण्याचं मशीन. खोकं बैठकीच्या खोलीत थाटात उघडतं, माहितीपत्रक 'हे' मोठ्याने वाचतात, आणि तासाभरात ते यंत्र आपल्या गळ्यात पडतं ते कायमचं. पुढे शिट्टी अडकली, झाकणाचं रबर सैल झालं, पातं बोथट झालं, तर पिशवीत घालून दुरुस्तीला न्यायचं कुणी? आपणच!

गाडीचं मात्र उलटं. हार आपण घालायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आपण काढायचं, चाकाखाली लिंबं आपण ठेवायची, शेजारीपाजारी पेढे आपण वाटायचे आणि मग डावीकडचं दार उघडून गुपचूप बसायचं. किल्ली यांच्या खिशात.

"आपल्याला काय करायचंय चालवून? हे आहेत ना!" असं पुष्कळजणी म्हणतात. आमच्या कॉलनीतल्या एक वहिनीही म्हणायच्या. त्यांच्या यजमानांची परगावी बदली झाली आणि गाडी खाली कापडाखाली उभी राहिली. वहिनींचं माहेर चाळीस किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी. एका रात्री साडेनऊला फोन आला, आई न्हाणीघरात घसरून पडली. शेवटची एस.टी. निघून गेलेली, रिक्षावाला इतक्या लांब यायला तयार नाही, शेजारचे भाऊजी लग्नाला गेलेले. रात्रभर वहिनी खुर्चीत बसून होत्या आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने गेल्या. तिकडे शेजाऱ्यांनी आईंना दवाखान्यात पोचवलं होतं, म्हणून निभावलं. "खिडकीतून ती गाडी दिसत होती हो," एवढंच त्या मला म्हणाल्या. त्यावर आपण काय बोलणार?

माहेरावरून एक गोष्ट सांगते. मोटार ही वस्तू जगात आली तेव्हा तिला घेऊन पहिला लांबचा प्रवास केला तो एका बाईने, आणि तोही माहेरी जायला! जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं. त्यांच्या कारखान्यात बायकोच्या, म्हणजे बर्थाबाईंच्या, हुंड्याचे पैसे आधीच घातलेले होते. मोटार झाली, पण लोक घेईनात. १८८८ च्या ऑगस्टात बर्थाबाई पहाटे उठल्या, दोन मोठ्या मुलांना बरोबर घेतलं आणि नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. रस्ते बैलगाडीचे म्हणावेत असे, पेट्रोल पंप हा शब्दच नव्हता. वीसलोख नावाच्या गावी औषधाच्या दुकानातून, डाग काढायला वापरतात तो द्रव विकत घेऊन टाकीत ओतला. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून साफ केली. तार उघडी पडली तिला मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी मुलांना ढकलावी लागली, म्हणून परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. आणि तो बसवला गेला!

पिन, मोज्याचा बंद, डागाचं औषध. आपल्या शिवणाच्या डब्यात आणि कपाटात काय वेगळं असतं? तेव्हा "बायकांना यंत्रातलं कळत नाही" हे वाक्य कुणी टाकलं तर त्यांना ही हकीगत जरूर ऐकवा.

आपल्या घरातही तेच. १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर जळाला. वाटणघाटण, ओलं खोबरं, भिजवलेली डाळ हा मारा त्या मशीनला सोसणारा नव्हताच. त्या नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही इंजिनिअर ना, मग आपल्याकडचा बनवा! त्यातून 'सुमीत' मिक्सर आला. गरज काय ते बाईने सांगितलं, म्हणून यंत्र धड झालं.

सिनेमात पाहा. 'चलती का नाम गाडी' आला १९५८ साली. भर पावसात, रात्री, मधुबाला एकटी गाडी घेऊन येते आणि गाडी बिघडते म्हणून गॅरेजात शिरते. एकटी बाई रात्री स्वतःची मोटार चालवते, याचं पडद्यावर कुणाला नवल वाटत नाही. १९७६ च्या 'छोटी सी बात'मध्ये मात्र विद्या सिन्हा नोकरी करणारी, शहाणीसुरती, तरी प्रश्न एवढाच की ती कुणाच्या स्कूटरवर मागे बसणार! चित्रपट मला फार आवडतो, पण ही गोष्ट खुपते खरी.

तर आता शिकायचं कसं? पहिली गोष्ट, नवऱ्याकडून शिकू नका. संसार चांगला चाललाय ना, मग चालू द्या. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात, त्यामुळे तो ओरडत नाही. दिवाळीच्या साडीऐवजी फी मागून घ्या. अठरा वर्षं पुरी झालेल्या कुणालाही शिकाऊ लायसन्स मिळतं, अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर पुढेमागे 'एल'ची पाटी आणि शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच. ज्या स्कूटर चालवतात त्यांचं निम्मं काम झालेलं आहे, रस्त्याचा अंदाज त्यांना असतोच.

बायका अडतात त्या क्लचपाशी. सोपं आहे. शिवणयंत्रावर बॉबिन भरताना आपण चाकाचा मधला स्क्रू सैल करतो. चाक फिरत राहतं, सुई हलत नाही. क्लच दाबला की नेमकं हेच होतं, इंजिन चालू आणि चाकांशी त्याचा संबंध तुटलेला. पाय हळूहळू उचलायचा, म्हणजे तो संबंध झटका न बसता जुळतो. झटक्याने सोडलात तर गाडी उडी मारून बंद पडते. पडू द्या. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. उंच टाचांची चप्पल नको, आणि साडी असेल तर निऱ्या नीट वर खोचून बसा.

लायसन्स आलं की ते कपाटात ठेवू नका. दर रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, भाजीमंडईपर्यंत तरी गाडी न्या. महिनोन् महिने उभी राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. तशी हात बसलेल्या बाईची सवयही उतरते.

आणि चाक बदलायला शिकाच. स्टेपनी हा शब्द कुठून आला ठाऊक आहे? वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ साली तिथल्या दोघा भावांनी जादा चाक काढलं. आपण अजून तेच नाव घेतो. गाडी सपाट जागी उभी करायची, हातब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची, समोरच्या चाकाला दगड लावायचा. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक त्यानंतर. आधी उचललीत तर चाक हवेत गरगर फिरतं आणि पाना काही धरत नाही. पान्यावर जोर कमी पडला तर सरळ पाय देऊन दाबा, कुणी बघत असेल तर बघू दे. स्टेपनीतली हवा मात्र महिन्यातून एकदा पंपावर तपासून घ्या. नेमकी लागते त्या दिवशी तीच बसलेली निघते.