‘निसर्गरम्य’ हा शब्द जरा बाजूला ठेवूया



जून उजाडला की एक मागणी हमखास येते. “मॅडम, ‘उन्हाळी सुट्टीत केलेला प्रवास’ यावर दहा-पंधरा ओळींचा निबंध असेल तर पाठवा ना.” मीही इतकी वर्षं पाठवत आले. पहाटे लवकर उठलो, गाडी निघाली, हिरवेगार डोंगर, निळाशार समुद्र, निसर्गरम्य परिसर, मन प्रसन्न झाले, हा प्रवास मी कधीच विसरणार नाही. तुम्हालाही पाठ असेल. आज मात्र नमुना देत नाहीये. तो का देत नाही, ते सांगायला बसले आहे, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर थोडं श्रीलंकेला यावं लागेल.

डीएडला एकाच होस्टेलवर राहिलेल्या आम्ही चौघी मैत्रिणी. नोकरी, लग्न, बदल्या, मुलंबाळं यात भेटी राहूनच गेल्या होत्या. मग दोन वर्षं भिशी लावली आणि ठरवलं, एकदा तरी देशाबाहेर जायचं. श्रीलंका निवडली ती खिशाकडे बघून. मुंबईहून विमानाने अडीच तासांच्या आसपास, घड्याळही बदलावं लागत नाही, आणि आपला एक रुपया म्हणजे तेव्हा तिथले साधारण साडेतीन रुपये. २०२४ चा मे महिना. १३ तारखेला मतदान होतं, आम्हा तिघींना इलेक्शन ड्युटी. ती उरकली, सामान भरलं आणि निघालो. माझ्या मुलाने निघताना एकच विचारलं, “आई, रावण दिसला तर फोटो काढशील?”

देश केवढा? आपल्या महाराष्ट्राच्या पावपटीहूनही थोडा लहान. नकाशात पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. पण त्यात काय काय बसवलंय! किनाऱ्यावर नारळ आणि घाम, आणि गाडीने काही तास वर चढलं की स्वेटर. सगळ्यात उंच डोंगर पिदुरुतलागल २५२४ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. चौथीच्या वर्गात हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून बघा, पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पहिली रात्र विमानतळाजवळ निगोंबोला एका घरगुती लॉजमध्ये काढली. मालकांना कळलं की आम्ही शिक्षिका आहोत, तसे ते बसलेच येऊन. २०२२ साली तिथे आर्थिक संकट आलं होतं, आपण टीव्हीवर पेट्रोलच्या रांगा पाहिल्या होत्या. ते म्हणाले, रांगा होत्याच, पण त्या मार्चमध्ये आमच्या पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. त्यांचा मुलगा आधी खूश झाला म्हणे, नंतर रडकुंडीला आला. ज्या देशात १९४५ च्या सुमारास कन्नंगरा या शिक्षणमंत्र्यांनी शाळेपासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत केलं, त्या देशात कागदावाचून परीक्षा थांबली. आम्ही चौघी गप्प झालो. झेरॉक्सचे पैसे खिशातून घालताना आपण किती कुरकुरतो!

भाषेची तर गंमतच. सिंहली लिपी गोल गोल, जिलेबी घातल्यासारखी, एक अक्षर कळत नाही. पण कॅंडीला एका दुकानात छोटी मुलगी गोळ्या मोजत होती, एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. आपलेच अंक की हे! ‘स’च्या जागी ‘ह’ आला की ‘सात’चं ‘हत’ होतं, ‘सहा’चं ‘हय’. पुस्तकाला ‘पोत’ म्हणतात, आपली पोथी. गाव म्हणजे ‘गम’. आणि शाळेला ‘पासल’, म्हणजे पाठशाळाच. धन्यवाद म्हणायला ‘इस्तुती’. भूगोलात आपण श्रीलंका शिकवतो ती बेट, राजधानी, चहा एवढ्यात. हे अंक एकदा वर्गात म्हणून दाखवा, बेट एकदम शेजारच्या वाडीसारखं वाटायला लागतं.

सिगिरियाचा खडक चढलो, कश्यप राजाने पाचव्या शतकात त्यावर राजवाडा बांधला होता. खाली सिंहाचे दोनच भलेमोठे पंजे उरलेत. कॅंडीला बुद्धांच्या दंतधातूचं मंदिर पाहिलं, नंतर गॉलचा किल्लाही. ते सगळं फोटोत आहे आणि फोटो कुठेही मिळतील.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते.

कॅंडीहून एल्लाला जाणारी रेल्वे जगभर प्रसिद्ध आहे. सहा-सात तासांचा प्रवास, निळे डबे, दारात लटकून फोटो काढणारे परदेशी पाहुणे (हे वर्गात सांगू नका), आणि दोन्ही बाजूंना चहाचे मळे. डोंगरावर कंगव्याने भांग पाडावा तशा ओळी. मध्ये धुकं, मध्ये धबधबा. एल्लाजवळ १९२१ साली बांधलेला नऊ कमानींचा पूल. मी वही काढली आणि लिहायला लागले. अर्धं पान झाल्यावर मैत्रिणीने वाचलं आणि खो खो हसली. “अगं, हा तर तुझा पाचवीचा नमुना निबंध आहे!” खरंच तसाच होता. हिरवेगार डोंगर, निसर्गरम्य परिसर, मन प्रसन्न झाले. समोर जन्मात न पाहिलेला देश, आणि माझ्या हातून पाठ केलेलाच निबंध उतरला होता. वीस वर्षं घोटून घेतल्यावर दुसरं काय येणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून मळ्यांकडे गेलो. बायका पाला तोडत होत्या, पाठीवर पिशव्या, दोरी कपाळावरून घेतलेली. आम्हाला फोटो हवा होता. एका बाईंनी हसून होकार दिला आणि नंतर हात पुढे केला. आमच्यातली एक जरा चिडली, “यांनाही सवय लावली टुरिस्टांनी.” तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी चढ चढून आली, त्यांचीच लेक, शाळेतून परत आलेली. आमचा ड्रायव्हर तमिळ बोलणारा होता. त्याच्यामार्फत बोलणं सुरू झालं आणि आम्ही तिथे तासभर बसलो.

या बायका तमिळ. ब्रिटिशांच्या काळात यांचे पणजे-खापरपणजे तमिळनाडूतून मजुरीसाठी इथे आणले गेले, आधी कॉफीच्या मळ्यांवर. १८६९ नंतर कॉफीवर तांबेरा पडला, मळे बसले आणि त्या जागी चहा आला. चहाची पहिली मोठी लागवड जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्ये केली होती, ते नाव सगळ्या माहितीफलकांवर असतं. पाला तोडणारीचं नाव कुठेच नसतं. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्याने यातल्या लाखो लोकांचं नागरिकत्व गेलं. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला, काही भारतात परतले, काही तिथेच कागदाविना राहिले. शेवटचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मिटला. राहायला ‘लयम’, म्हणजे एका ओळीत बांधलेल्या खोल्या, एका खोलीत एक कुटुंब. मजुरी तेव्हा दिवसाला १००० रुपये होती, म्हणजे आपले तीनशेही नव्हते. ती १७०० करावी म्हणून त्याच महिन्यात वाद चालला होता.

मी त्या बाईंना ड्रायव्हरमार्फत विचारलं, तुम्हाला इथे काय आवडतं? प्रश्नच चुकला होता. त्या म्हणाल्या, पाऊस आला की जळवा लागतात, आणि पानं ओली झाली की वजनातून पाण्याचं म्हणून कापतात. धुक्याचं विचारलं, तर म्हणाल्या, धुक्यात पाय घसरतो. आम्ही सकाळपासून “काय धुकं आहे, काय धुकं आहे” करत होतो.

वजन, कापणी, मजुरी, एका ओळीतल्या खोल्या. मला एकदम आमच्या पट्ट्यातल्या कोप्या आठवल्या, कारखान्याच्या तळावरच्या. आणि आठवला माझ्या वर्गातला एक मुलगा.

आमच्याकडून दिवाळीच्या आसपास ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. आजी-आजोबा असतील तर मूल मागे राहतं, नाहीतर कोयत्याबरोबर फडात. हा मुलगा दोन वर्षं सीझनभर आईबापासोबत जात होता. परत आल्यावर मी वर्गाला निबंध दिला, ‘माझा प्रवास’. त्याने लिहिलं, आम्ही सहलीला महाबळेश्वरला गेलो, निसर्गरम्य देखावा पाहून मन प्रसन्न झाले. दहा ओळी, एकही चूक नाही. मी दहापैकी आठ गुण दिले. “छान” असा शेराही मारला.

तो महाबळेश्वरला गेलेला नाही, हे मला माहीत होतं. तोही जाणून होता की मला माहीत आहे. तरी आम्ही दोघांनी ते चालवून घेतलं. त्या चढावर बसल्या बसल्या मला त्या “छान”ची लाज वाटली.

माझं मत स्पष्ट सांगते. नमुना निबंध मुलाला भाषा शिकवत नाही, डोळे मिटायला शिकवतो. जो गेला त्याला काय दिसलं ते लिहू देत नाही, आणि जो कुठे गेला नाही त्याला खोटं लिहायला लावतो. त्यातून ‘सुट्टीत कुठे गेला होतात?’ हा प्रश्न आपण भर वर्गात विचारतो तेव्हा तीन-चार हात वर होतात, बाकीची पोरं वहीकडे बघतात.

पालक म्हणतात, मॅडम, परीक्षेत गुण तर लागतात. मान्य. पण मी तपासत असलेल्या चाळीस वह्यांत एकसारखे निबंध आले तर मलाच कंटाळा येतो, परीक्षकालाही येत असेल. न पाहिलेल्या जागेचं वर्णन हीसुद्धा कल्पनाशक्तीच, असंही एक सहकारी म्हणाले. तर मग त्याला कल्पनाविस्तार म्हणूया, प्रवासवर्णन नको. दुसऱ्या एका बाईंचा आक्षेप मात्र मला अजून टोचतो. त्या म्हणाल्या, “ऊसतोडीचं लिहायला लावून पोराला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं का?” बरोबर आहे त्यांचं. म्हणून ते लिहच असं सांगायचं नाही, वर्गात मोठ्याने वाचायलाही लावायचं नाही. विषय मोकळा ठेवायचा आणि प्रश्न बारीक विचारायचे. शेजारी कोण बसलं होतं? वाटेत काय खाल्लं? कशाचा वास येत होता? कधी भीती वाटली? बाजाराचा प्रवास चालेल, दवाखान्याचा चालेल, मामाच्या गावचा तर चालेलच. फक्त ‘निसर्गरम्य’, ‘मन प्रसन्न’ आणि ‘अविस्मरणीय’ हे तीन शब्द महिनाभर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्यावर काट मारायची. तिसरी-चौथीच्या मुलांना याची फार मजा वाटते.

श्रीलंकेची नालस्ती करायला हे लिहिलेलं नाही हं. जरूर जा. आम्ही परतायच्या आधी, २३ मेला, बुद्धपौर्णिमा होती, तिकडे वेसाक म्हणतात. घराघरांवर कागदी कंदील, आणि रस्त्याच्या कडेला ‘दन्सल’, म्हणजे फुकट अन्नदान. पोरं गाड्या अडवून अडवून खायला बोलावत होती, अगदी वारीच्या वाटेवर गावकरी थांबवतात तसं. आमच्या गाडीत ताटलीभर भात आला, वर खोबऱ्याची तिखट चटणी, आणि डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या त्या चटणीने मैत्रिणीला आईच्या हातचं आठवलं. हे मी वहीत लिहिलं. आधीचं अर्धं पान फाडून टाकलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पुन्हा ‘माझा प्रवास’ दिला, यावेळी वरच्या प्रश्नांसह. त्या मुलाने बराच वेळ पेन्सिल चावली. मग विचारलं, “मॅडम, ट्रकचं लिहिलं तर चालंल का?”

त्याने लिहिलं होतं की रात्री ट्रकमध्ये सामानावर सगळे झोपले. तो पडू नये म्हणून आईने त्याच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला. शेळीपण होती. त्याला मध्येच लघवीला लागली, पण गाठ सुटेना आणि आईला उठवावंसं वाटेना, ती दिवसभर बांधाबांध करून दमली होती. मग तो तसाच तारे मोजत बसला, शंभराच्या पुढे चुकला.

मी ‘दोरि’ची ‘दोरी’ केली, बाकी कुठे हात लावला नाही. निबंध पानाच्या मध्येच थांबला होता. मी विचारलं, पुढे काय झालं रे?

“पुढं कारखाना आला, मॅडम.”