रजोनिवृत्ती, वाइन आणि हृदय : जुन्या दाव्याची नवी तपासणी

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीने रोज पेलाभर वाइन घेतल्यास तिचे हृदय सुरक्षित राहते, हा समज गेली तीन दशके जगभर प्रचलित आहे. फ्रान्समध्ये लोणी आणि चीज यांचा आहारात मुबलक वापर असूनही हृदयविकार तुलनेने कमी का, या प्रश्नाचे उत्तर सर्ज रेनो या संशोधकाने १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वाइनच्या आधारे दिले, तेव्हापासून या समजाला शास्त्रीय वजन आले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे स्पष्ट केले. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मर्यादित मद्यपान करणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू कमी आढळतात, असा निष्कर्ष नोंदवला. त्याच अहवालात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याचेही म्हटले आहे.

हा प्रश्न याच वयात महत्त्वाचा ठरण्यामागे कारण आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी घटते, अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, पोटाभोवती चरबी साठते आणि रक्तदाबही चढू लागतो. पाश्चात्त्य देशांत ही अवस्था सरासरी ५१ व्या वर्षी येते. भारतात ती ४६ ते ४७ व्या वर्षीच येते. म्हणजे भारतीय स्त्रीच्या वाट्याला जोखमीची वर्षे लवकर येतात.

नेमक्या याच वयोगटावर झालेला एक प्रयोग बोलका आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मेरीलँडमधील आहार संशोधन केंद्रात रजोनिवृत्त झालेल्या ५१ निरोगी स्त्रियांना ठरवून दिलेला आहार देण्यात आला. त्यासोबत आठ-आठ आठवड्यांच्या तीन टप्प्यांत त्यांनी रोज १५ ग्रॅम मद्यार्क, ३० ग्रॅम मद्यार्क किंवा मद्यविरहित पेय घेतले. हा मद्यार्क वाइनमधून नव्हे, तर संत्र्याच्या रसातून दिला होता, ही बाब वाइनचे गुणगान करणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अपायकारक कोलेस्टेरॉल किंचित घटले आणि उपकारक कोलेस्टेरॉल थोडे वाढले. मात्र त्याच स्त्रियांच्या रक्ततपासणीवर आधारित दुसरा निबंध त्याआधीच, २००१ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. इस्ट्रोजेनचाच एक प्रकार असलेल्या इस्ट्रोन सल्फेटची पातळी १५ ग्रॅम मद्यार्काने ७.५ टक्के, तर ३० ग्रॅमने १०.७ टक्के वाढल्याचे त्यात दिसले. या वयात अशी वाढ स्तनाच्या कर्करोगाशी निगडित मानली जाते. हृदयासाठी दिलासा आणि कर्करोगाची चिंता, दोन्ही एकाच पेल्यातून आले.

त्यातील दिलासाही कितपत खरा, हा प्रश्न उरतोच. उपकारक कोलेस्टेरॉल वाढले की हृदय वाचते, ही धारणा पुढे डळमळीत झाली. ते लक्षणीय वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू अधिक झाले.

लोकसंख्येच्या पाहणीतून दिसणारा लाभही सावधपणेच वाचावा लागतो. थोडी वाइन घेणारी स्त्री बहुधा सुस्थितीतील, शिकलेली, व्यायाम करणारी असते. मद्य न घेणाऱ्यांच्या गटात मात्र आजारपणामुळे पिणे सोडलेल्या व्यक्तीही मोजल्या जातात. अशा तुलनेत वाइनचे पारडे आपोआप जड होते. रजोनिवृत्त स्त्रियांच्या बाबतीत हा धडा एकदा मिळालेला आहे. संप्रेरक गोळ्यांनी हृदय सुरक्षित राहते, असे पाहण्यांवरून अनेक वर्षे मानले जात होते. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतील संयुक्त संप्रेरकांचा भाग मुदतीपूर्वी बंद करावा लागला. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग अधिक आढळले होते.

मद्याबाबत अशी दीर्घ मुदतीची चाचणी अमेरिकेत आखली गेली होती. तिच्या खर्चाचा मोठा वाटा मद्य उत्पादकांकडून येत असल्याचे आणि त्यांच्याशी आधीच बोलणी झाल्याचे उघड झाल्यावर जून २०१८ मध्ये ती रद्द झाली. परिणामी हृदयाच्या बाजूने असलेला पुरावा अजूनही अप्रत्यक्षच आहे. कर्करोगाच्या बाजूचा पुरावा तुलनेने भक्कम आहे. ब्रिटनमधील सुमारे १३ लाख मध्यमवयीन स्त्रियांच्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले की, रोजच्या प्रत्येक वाढीव पेल्यामागे ७५ व्या वर्षापर्यंत दर हजार स्त्रियांमध्ये कर्करोगाचे सुमारे १५ अधिक रुग्ण संभवतात. त्यांपैकी ११ स्तनाच्या कर्करोगाचे. पेल्यात वाइन आहे की अन्य मद्य, याने स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्यात फरक पडला नाही.

भारतात ही चर्चा अनेकदा द्राक्षबागायतीच्या अंगाने होते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांतून वाइन विक्रीस संमती दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद हिरिरीने मांडला गेला. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा मुद्दा रास्त असू शकतो. परंतु शरीराला पोहोचणारा मद्यार्क तोच असतो. आधीपासून थोडी वाइन घेणाऱ्या स्त्रीने घरातील स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास, रक्तदाब आणि चालू औषधे डॉक्टरांना सांगून निर्णय घेणे योग्य. न घेणारीने हृदयासाठी ती सुरू करण्यास आधार नाही.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील अवघ्या १.३ टक्के स्त्रिया मद्य घेतात. त्याच सर्वेक्षणात वाढलेला रक्तदाब असलेल्या किंवा त्यासाठी औषध घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २१.३ टक्के आहे.