न पाहिलेला पुरावा

"निर्दोष असणं इथे पुरेसं नाही." डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ॲरिझोना राज्याचा वकील असं म्हणाला, आणि मे 2022 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. या निकालाचं समर्थन करणारे सगळेच काही निर्दय नाहीत. म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊन खोडलं पाहिजे.

आधी खटला. मे 1994 मध्ये टूसॉनजवळ चार वर्षांची एक मुलगी पोटाच्या जखमेने दगावली. तिच्या आईचा मित्र बॅरी जोन्स याला राज्याच्या न्यायालयाने 1995 मध्ये खुनी ठरवून देहदंड दिला. सरकारपक्षाची सगळी भिस्त एका वेळेवर होती: जखम आदल्या दुपारी झाली, आणि त्या दुपारी मुलगी जोन्सजवळ होती. आतडं फाटल्यावर मूल किती तास जगतं? हा प्रश्न त्याच्या वकिलाने धडपणे तपासलाच नाही. या वकिलाच्या चुका दाखवून देणं ज्याचं काम होतं, त्या पुढच्या वकिलानेही नाही. 2017 मध्ये संघीय जिल्हा न्यायालयात सात दिवस साक्षी झाल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांनी सांगितलं की जखम त्या दुपारची असणं जुळत नाही. 2018 मध्ये न्यायाधीशांनी दोषसिद्धी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत उभी केली. हे डॉक्टर खोटं बोलले, असं न्यायालयाने म्हटलं नाही. राज्याच्या कागदपत्रांत नसलेला पुरावा संघीय न्यायाधीशाने पाहायलाच नको होता, एवढंच म्हटलं.

आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही, हे खरं. पण जोन्सच्या बाबतीत आड कोरडा ठेवला कोणी? राज्याने नेमून दिलेल्या वकिलांनी. बहुमताचं उत्तर असं की वकील हा अशिलाचा प्रतिनिधी, त्यामुळे त्याची कसूर ती अशिलाची कसूर. ज्याला वकील निवडता आला नाही आणि बदलताही आला नाही, त्याच्या गळ्यात ही कसूर बांधणं मला कोणत्याही अर्थाने न्याय वाटत नाही.

दुसरा आक्षेप राज्यांच्या अधिकाराचा. आपल्याकडे सत्र न्यायालयापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी आहे. तिकडे राज्यांची न्यायालयं वेगळी, संघराज्याची वेगळी, आणि राज्याच्या कैद्याला हेबियस कॉर्पसचा अर्ज घेऊन संघीय न्यायाधीशाकडे जाण्याचा हक्क 1867 च्या कायद्याने मिळाला. राज्याने एकदा निकाल दिला की बाहेरच्याने त्यात हात घालू नये, असं म्हणणाऱ्यांनी आर्कान्सामधला खटला आठवावा. न्यायालयाला जमावाचा वेढा, जेमतेम पाऊण तासाची सुनावणी, पाच मिनिटांच्या आत ज्यूरीचा निर्णय, आणि काळ्या माणसांना देहदंड. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला होता. ती माणसं वाचली, कारण 1923 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संघीय न्यायाधीशाने यातली वस्तुस्थिती स्वतः तपासली पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप मृताच्या नातेवाइकांचा. त्यांनी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या? इथे माझ्याविरुद्ध जाणारं उदाहरण मीच देतो. व्हर्जिनियाचा रॉजर कोलमन. त्याच्या वकिलांनी अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली, आणि तेवढ्यावरून 1991 मध्ये त्याच्यासाठी संघीय दार बंद झालं. 1992 मध्ये त्याला देहदंड दिला गेला. 2006 मध्ये गव्हर्नरच्या आदेशाने डीएनए चाचणी झाली आणि तो गुन्हेगारच होता हे स्पष्ट झालं. विरोधक विचारतात, मग बिघडलं काय? बिघडलं हे की मृताच्या कुटुंबाला खात्रीचं उत्तर मिळायला शिक्षेनंतरही 14 वर्षं जावी लागली, आणि ते उत्तर मुदतीच्या नियमाने दिलं नाही. पुरावा पाहिला तेव्हाच ते मिळालं.

'तांत्रिक पळवाटा काढून खुनी सुटतात' ही तक्रार मी कायम ऐकतो. जोन्सच्या प्रकरणात तांत्रिक मुद्द्याचा आधार राज्याने घेतला होता, कैद्याने नव्हे.

उपाय मोठा नाही. ओक्लाहोमा शहरातल्या बॉम्बस्फोटानंतर, 1996 मध्ये, अमेरिकी काँग्रेसने जो कायदा केला त्याने कैद्याला अर्जासाठी एक वर्षाची मुदत दिली आणि नव्या पुराव्यावर बंधनं आणली. राज्यात पुरावा मांडण्यात कैद्यानेच कसूर केली असेल तर संघीय न्यायालयात सुनावणी नाही, असं त्यातलं एक कलम सांगतं. नालायक वकिलाची चूक ही कैद्याची कसूर धरू नये, एवढं वाक्य काँग्रेसने त्यात घालावं. मुदत राहू द्या, राज्याच्या निकालाचा मानही राहू द्या.

जून 2023 मध्ये जोन्स सुटला. मुलीला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही म्हणून त्याने दुय्यम दर्जाच्या खुनाचा कबुलीजबाब दिला. त्यासाठी शिक्षा झाली 25 वर्षांची, आणि तोवर त्याने 29 वर्षं भोगली होती. ही तडजोड ज्या राज्याशी झाली ते ॲरिझोनाच.