बॅटरीची जागा

जुन्या जीपची बॅटरी बॉनेटखालून काढून सीटखाली किंवा मागे न्यावी का, हा प्रश्न जगाच्या दृष्टीने फार मोठा नाही, मान्य आहे. पण आमच्या घरात गेले दोन महिने दुसऱ्या कशावर नीट भांडणच झालेलं नाही! पुतण्या म्हणतो, मागच्या बाकाखाली नेऊया. त्याचे आजोबा, म्हणजे आमचे आप्पाकाका, म्हणतात की मी आहे तोवर तिला हात लावायचा नाही. आणि दोघंही मला फोन करून "तूच समजाव" म्हणतात. फोनवर दोघांचंही समाधान होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ज्यांचा जीपशी संबंध वरातीपुरताच आला असेल त्यांनीही वाचायला हरकत नाही.

माझं मत आधीच सांगतो. बॅटरी हलवायला माझी हरकत नाही. पण का हलवतोय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि हलवल्यावर ती कुठे आहे हे परक्या माणसालाही चटकन कळलं पाहिजे. या दोन अटी पाळता येत नसतील तर आहे तिथेच बरी.

थोडा इतिहास. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यासाठी जी विलिज एमबी जीप बनली, तिची बॅटरी ६ व्होल्टची आणि जागा बॉनेटखाली, इंजिनाशेजारी. तिच्याच वंशातली सीजे-३बी १९५३ साली आली. तिचं हरिकेन इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्रांनी भारतात वर्षानुवर्षं बनवली ती हीच उंच कपाळाची जीप. आमची त्यातलीच. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी केलं तेच आप्पांनी केलं: पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं.

आता मूळ जागेचे गुण बघा. बॅटरीचं सगळ्यात अवघड काम म्हणजे सेल्फ फिरवणं. लहान डिझेल इंजिनाचा सेल्फसुद्धा सुरुवातीला तीनेकशे अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह जाताना केबलच्या प्रत्येक फुटाला थोडं व्होल्टेज खर्ची पडतं, म्हणून बॅटरी सेल्फच्या जितकी जवळ तितकं चांगलं. बॉनेटखाली वारा खेळतो, त्यामुळे चार्जिंगच्या वेळी निघणारा गॅस साठून राहत नाही. आणि बॉनेट उघडलं की ती समोरच दिसते. टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी, कमी झालेलं पाणी, सैल झालेला बोल्ट, सगळं एका नजरेत. ज्यांनी ही जागा ठरवली ते काही वेडे नव्हते.

मग हलवायची कशाला? तर त्यांनी जागा ठरवली ती त्यांच्या इंजिनासाठी. आमच्याकडे इंजिन बदललं. डिझेलचं कॉम्प्रेशन त्या जुन्या पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून जास्त, म्हणून सेल्फ दांडगा आणि बॅटरीही मोठी लागली. इंजिनानेच जास्त जागा खाल्ल्यामुळे ही मोठी बॅटरी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून बसली. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. आमची बॅटरी दर दोन वर्षांनी का मरते याचं उत्तर इथे आहे. आप्पा त्याचं खापर बॅटरी विकणाऱ्यावर फोडतात. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही :-)

म्हणजे उष्णता हे कारण खरं आहे. पुतण्याने दिलेली बाकीची दोन मात्र मला पटत नाहीत.

तो म्हणतो, नदी-ओढ्यातून जाताना बॅटरी भिजायला नको. अरे, मागच्या बाकाखाली ठेवलीस तरी ती गाडीच्या तळाशीच ना? जीपला दारं नाहीत, पाणी आत शिरलं की आधी तिथेच साचणार. शिवाय ओढ्याच्या गोड्या पाण्यात दोन मिनिटं भिजल्याने बॅटरी मरत नाही. इंजिन मरतं ते हवेच्या नळीतून पाणी आत ओढलं गेलं की. पाण्याची काळजी असेल तर त्या नळीची उंची बघ.

दुसरं कारण वजनाचं. पुढचं वजन कमी होऊन गाडी समतोल होईल म्हणे. बॅटरी पंधरा ते वीस किलोची. आमची आत्या दिवाळीला येताना याहून जास्त वजनाचा फराळ मागे टाकते, तेव्हा कुणाला समतोल आठवत नाही.

आता खर्चाची बाजू. बॅटरी उचलून दुसरीकडे ठेवली आणि वायर लांबवली, एवढ्याने ती हलवून होत नाही. चार गोष्टी सोबत कराव्याच लागतात.

पहिली केबल. मागच्या बाकापासून सेल्फपर्यंत साधारण तीन मीटर. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर तीनशे अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. ३५ची टाकली तर अर्ध्या व्होल्टच्या आत, ७०ची टाकली तर पाव व्होल्टच्या आत. एक व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटेल, पण थंडीत सकाळी सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहा-साडेदहावर आलेली असते. शिवाय हा हिशोब फक्त जाण्याचा. परतीचा प्रवाह चेसिसमधून येणार असेल तर गंज आणि रंग खरवडून अर्थिंग पक्कं करायचं आणि इंजिन ते चेसिस जाड पट्टी टाकायची. नाहीतर सगळं करूनही सेल्फ "टक्" करून गप्प बसतो, आणि मग भर पावसात धक्का मारायला आम्हीच.

दुसरी गोष्ट फ्यूज. माझी खरी भीती इथे आहे. सेल्फच्या केबलला बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज नसतो. ती फूट-दीड फुटाची असते तोवर चालतं. तीच केबल तीन मीटर लांब होऊन पत्र्याच्या भोकातून गेली, त्या भोकाला रबरी ग्रोमेट नसला आणि धक्क्यांनी आवरण सोललं, तर त्या पत्र्याला लागून शेकडो अँपिअर वाहतात. केबल लाल होते, आग लागते, आणि किल्ली बंद करून काहीही उपयोग होत नाही. मागच्या बाकावर कोण बसतं? घरातली सगळी पोरं. म्हणून केबल पूर्ण लांबीभर जाड नळीतून न्यायची, बॅटरीजवळच मोठा फ्यूज आणि हाताला येईल असा कट-ऑफ स्विच लावायचा. (इंजिन चालू असताना तो स्विच गंमत म्हणूनही फिरवायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड जातात.)

तिसरी गोष्ट गॅस. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीची वाट बघत असतो. बंद पेटीतून बाहेर जाणारी नळी हवीच. सीलबंद म्हणून विकतात त्या बॅटरीलाही व्हॉल्व्ह असतो, जास्त चार्ज झाली की तीही गॅस सोडते. चौथी गोष्ट बांधणी. गाडी कलंडली तर वीस किलोचा ॲसिडचा डबा पोरांच्या पायाशी सुटा असता कामा नये. रबराच्या दोरीने बांधलेली बॅटरी मी पाहिली आहे. लोखंडी पट्टी आणि बोल्ट, यापेक्षा कमी काही नको.

आता आप्पांकडे वळतो. आप्पा, तुमचा मुद्दा असा की मूळ गाडी बिघडवू नये. पण तुम्हीच इंजिन बदललंत! आणि कंपन्यांनीही बॅटरी सीटखाली ठेवलेली आहे. लँड रोव्हर डिफेंडरची बॅटरी पुढच्या सीटखाली असायची, आणि तिला कुणी नकली म्हणत नाही. तेव्हा मूळपणाच्या नावावर मी तुमच्या बाजूने मत देणार नाही.

पण तुमच्या हट्टात एक गोष्ट खरी आहे, ती तुम्ही बोलून दाखवत नाही म्हणून मी लिहितो. घाटात गाडीतून धूर आला तर मदतीला धावणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो. ट्रकवाला असतो, रस्त्यावरचा मिस्त्री असतो. तो बॉनेट उघडून आधी बॅटरीची तार सोडवायला बघतो. तिथे बॅटरीच नसेल तर तो शोधत बसतो, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होतं. वस्तू ठरलेल्या जागी असते तेव्हा ती न सांगता सगळ्यांना माहीत असते. जागा बदलली की सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येते. बॉनेटच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत "बॅटरी डाव्या सीटखाली" असं रंगवून घ्यायचं, आणि वायरिंगचा कागद गाडीतच ठेवायचा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण बॅटरी हलवणाऱ्या कुणी ते केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तर माझा कौल असा. आधी पाइप आणि बॅटरी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावा, पत्रा आणि बॅटरी यांत बोटभर हवा खेळती ठेवा, आणि एक उन्हाळा काढा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर बॅटरी डाव्या पुढच्या सीटखाली न्या. आपल्या गाडीत टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, म्हणून उजवी बाजू नको. तिथून केबल दीड-दोन मीटरची होते आणि मागचा बाक पोरांना मोकळा राहतो. पत्रा कापायचा नाही, मूळ ट्रे काढायचा नाही, म्हणजे उद्या कुणाला परत न्यावीशी वाटली तर दोन बोल्टांचं काम राहील.

मागच्या बाकाखाली मात्र नाही. त्याला माझा विरोध आहे आणि तो राहील. पुतण्याने रागवायचं असेल तर खुशाल रागवावं, पण पत्रा आणायला येत्या रविवारी माझ्याबरोबर यावं. आप्पा, तुम्हीही या. मापं तुमच्याशिवाय कुणाला नीट घेता येत नाहीत.