आधी आईला विचारा

फेब्रुवारी-मार्चमध्ये गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना ठसका लागतोच. संकेश्वरी मिरचीचा हा हंगाम. आपल्याकडे वर्षाची चटणी करायची म्हणजे घरातला मोठा निर्णय असतो. तिखटपणाला आणि वासाला संकेश्वरी किती, रंगाला ब्याडगी किती, खोबरं-लसणाचं प्रमाण काय, कांडपाला कधी न्यायचं, हे सगळं ठरवणारं एक माणूस घरात असतं. बहुतेक घरांत ती सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेली बाई असते. आणि तिचा गुडघा किंवा खुबा गेला, की आपण सगळ्यात आधी हा निर्णय तिच्याकडून काढून घेतो. तोही प्रेमाने, ‘तुम्ही आता आराम करा’ असं म्हणत.

माझ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत येते, त्यापलीकडे नाही. त्या वर्षी मिरचीचे दिवस आले तेव्हा तिने मला बाजारातून आधी नुसता नमुना आणायला लावला, दोन दुकानांतून मूठ-मूठ. एकेक मिरची तिने कानाजवळ नेऊन मोडली, बी अंगठ्याने चोळलं, वास घेतला आणि एक पुडी बाजूला सारली. “ही जवारी न्हवं. वास कुठाय हिला? आणि अजून दमट हाय, मोडताना वाजत न्हाई.” दुकानदाराने मला जे पटवून दिलं होतं, ते तिने बसल्या जागेवरून खोडून काढलं. मग पोतं आलं आणि देठ खुडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. शेजारच्या दोघी दुपारी आपापली सुपं घेऊन येऊन बसायला लागल्या. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची म्हैस व्यायली, यंदा उसाचं बिल किती आलं, सगळ्या बातम्या आईला घरबसल्या कळत होत्या.

यात करावं लागतं ते फार थोडं, पण नेमकं. सूप मांडीवर नको, कमरेच्या उंचीच्या टेबलावर हवं, म्हणजे पाठ वाकत नाही. खुर्चीला हात हवेत आणि पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उजेड डोळ्यांवर नाही, हातांवर पडावा. हाताला खोबरेल तेल लावावं, तोंडाला फडकं बांधावं, आणि दम्याचा त्रास असेल तर मिरचीच्या वाटेला जाऊच नये. अशांना चिंचेतले चिंचोके काढता येतील, लसूण सोलता येईल, शेंगा फोडता येतील. वाकळेसाठी जुन्या लुगड्यांचे तुकडे जुळवता येतील. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, हे मात्र त्यांनीच ठरवायचं.

मी ठरवण्यावर एवढा जोर देतो त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते निवडा, आणि एक रोप निवडून घ्या, त्याला पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, सिनेमा दाखवला, पण सगळं कर्मचाऱ्यांनी ठरवून. रोपाला पाणीसुद्धा कर्मचारीच घालत. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी, जास्त सावध आणि हालचाल करणारी दिसली. सोयी दोन्हीकडे जवळपास सारख्याच होत्या. एकीकडे माणसाच्या शब्दाला किंमत होती, दुसरीकडे नव्हती.

म्हणून घरातल्या वृद्धांना दिवसभर टीव्हीसमोर बसवून ‘मन रमतंय’ म्हणणं मला पटत नाही. रिमोट तरी त्यांच्या हातात असतो का, बघा. त्यापेक्षा उशाशी रेडिओ बरा. सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 पासूनचं, धारवाडचं त्याच्याही आधीचं. आपल्या सीमाभागातल्या वृद्धांना मराठी आणि कन्नड दोन्ही कळतं, ही केवढी श्रीमंती आहे! मल्लिकार्जुन मन्सूर ज्या धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते, ते केंद्र आपल्यापासून काही फार लांब नाही.

आजींकडे आणखी एक साठा असतो, जात्यावरच्या ओव्यांचा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून ओव्या जमवायला सुरुवात केली, आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती थांबली होती, तरी बायकांना ओव्या पाठ होत्या. घरातल्या नातवाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून समोर बसावं आणि आजीला सांगू द्यावं. कुठली ओवी कुठल्या प्रसंगाची, माहेरची कुठली, भावाची कुठली, हेही विचारावं. एका दुपारी दोन-चारच आठवतील. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून हाक मारेल, अजून एक आठवली म्हणून.

पुरुषांचं जरा अवघड जातं, कारण त्यांचं सगळं जगणं घराबाहेर असतं: पार, बाजार, दूध संस्था, आणि गडहिंग्लजमध्ये अर्थातच फुटबॉल. तरुणपणी मैदान गाजवलेला माणूस आज गुडघ्यांमुळे पायऱ्या चढू शकत नाही, म्हणून सामन्याला येत नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: रिक्षा थेट जवळ येईल अशा सपाट जागी सीमारेषेलगत खुर्च्यांची एक रांग या मंडळींसाठी ठेवा. आणि नुसतं बसवू नका, सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू निवडायला त्यांना सांगा.

ज्येष्ठ नागरिक संघांनाही एक सांगणं आहे. बैठकीला येणं बंद झालेला सभासद यादीतून हळूहळू पुसला जातो. चौघांनी आठवड्यातून एकदा पत्त्यांचा डाव त्याच्याच घरी मांडावा. जाताना चहाचा थर्मास बरोबर न्यावा, म्हणजे घरच्या सुनेवर भार पडणार नाही आणि पुढच्या वेळीही दार आनंदाने उघडेल. मेंढीकोट खेळायचं की रमी, ते त्यालाच विचारावं, आणि तो हरत असेल तर मुद्दाम जिंकू देऊ नये.