भिंतीवर उमटलेला सूर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला. फिर्यादी आमच्या वहिनी, आरोपी त्यांचा तेरा वर्षांचा चिरंजीव, आणि दोन्ही पक्षांची नाराजी ओढवून घेण्यासाठीं न्यायासनावर बसविलेला प्रस्तुत लेखक. आरोप असा कीं, चिरंजीवांनीं साठविलेल्या पैशांतून लेसरचा एक छोटा दिवा पैदा केला असून गाण्याबरोबर प्रकाश नाचविण्याचें यंत्र घरांतच रचण्याचा त्यांचा बेत आहे.

"भावजी, आपण या पानांतून दुसऱ्यांच्या मुलांना नाना उद्योग सांगतां. आतां आपल्याच घरांत डोळ्यांशीं खेळ मांडला आहे, त्याचें काय?" वहिनींनीं विचारलें.

त्यांचें भय निराधार नव्हतें. गणेशोत्सवाच्या मिरवणुकींतील लेसरच्या झोतांनीं डोळ्यांस इजा झाल्याच्या वार्ता आल्या होत्या, आणि पुणें पोलिसांनीं २०२४ च्या उत्सवांत अशा झोतांस मनाईहि केली होती. साध्या दिव्याचा प्रकाश सर्व बाजूंस फांकतो. लेसरचा किरण एकवटलेलाच राहतो. डोळ्यांतील भिंग त्यास आणखी आवळून आंतल्या पडद्यावर अतिसूक्ष्म बिंदूंत आणून ठेवतें. पडद्याचा तेवढा भाग भाजला कीं तो पूर्ववत् होण्याची आशा थोडी.

दिवा तपासला, तों त्यावर शक्तीचा आंकडाच नाहीं! म्हणून निकाल असा दिला: हा दिवा कपाटांत बंद, त्याऐवजीं एक हजारांश वॅटहून कमी शक्तीचा, तसें स्पष्ट छापलेला, तांबड्या किरणाचा दिवा काकानें आणून द्यावा, आणि प्रयोग वडील माणसाच्या देखतच व्हावा. आरोपीनें निकाल आनंदानें मान्य केला. फिर्यादींनीं मौन धरलें.

आतां कृति. दुधाच्या भुकटीचा पत्र्याचा रिकामा डबा घेऊन त्याचीं दोन्ही तोंडें मोकळीं करावीं व धारेवर चिकटपट्टी लावावी. एका तोंडावर फुग्याचें रबर, मान कापून, तबल्याच्या पुडीसारखें ताणून दोऱ्यानें घट्ट बांधावें. त्यावर नखाएवढा आरशाचा सपाट तुकडा चिकटवावा. आमच्या चिरंजीवांनीं प्रथम आजीच्या भरतकामाच्या पेटींतील आरसा लावला. पण हे आरसे पुष्कळदां किंचित् गोलसर असतात, त्यामुळें ठिपका फांकून गेला. आरसा रबराच्या मधोमध लावूं नये. मध्यभाग नुसता पुढेंमागें होतो. कलतो तो मध्य आणि कांठ यांमधला भाग, आणि आपल्यास हवें आहे तें कलणेंच.

डबा व दिवा दोन्ही पाटावर पक्के बसवावे. दिवा हातांत धरूं नये. किरण बाजूनें तिरपा आरशावर पडावा, आणि डबा थोडा वर कलता ठेवावा, म्हणजे परतलेला ठिपका माणसांच्या डोक्यांवरून समोरच्या भिंतीवर पडतो. किरण चुकून मागें जाऊं नये म्हणून डब्याभोवतीं पुठ्ठ्याचा आडोसा करावा. समोरच्या अंगास कोणी बसूं नये; तेथील आरसे, तसबिरी, चकचकीत भांडीं आधींच हलवावीं.

मग डब्याच्या मोकळ्या तोंडाशीं गाणें लावावें. डग्ग्याचा घुमारा आला कीं ठिपका झेप घेतो, आणि गळ्याच्या सुराबरोबर त्याची तेजस्वी वेलबुट्टी होते. ठिपका एकच असतो. पण तो इतक्या त्वरेनें फिरतो कीं डोळ्यास अखंड रेघ भासते. जळतें कोलीत फिरविलें असतां वर्तुळ दिसतें, तोच हा न्याय; गौडपादाचार्यांच्या कारिकांतील अलातशांति प्रकरण ज्यांनीं वाचलें आहे त्यांस हा दृष्टांत नवा नाहीं. आणि एवढीशी हालचाल इतकी मोठी कां दिसते? आरसा एक अंश कलला कीं किरण दोन अंश वळतो. भिंत चार मीटरांवर असेल तर तेवढ्यानें ठिपका सुमारें १४ सेंटिमीटर सरकतो.

ही युक्ति लेसरहून पुष्कळ जुनी आहे. लिसाजू नांवाच्या फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्यानें १८५७ सालीं कंपन करणाऱ्या दोन चिमट्यांस आरसे लावून प्रकाशाचा किरण एकावरून दुसऱ्यावर पाडला. एक चिमटा किरणास आडवा हलवी, दुसरा उभा. षड्ज आणि तारषड्ज यांचें नातें, म्हणजे एकास दोन, साधलें कीं पडद्यावर इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी आकृति उमटे. आपल्याकडे रामन यांनीं १९२० सालीं शिवकाली कुमार यांच्यासह मृदंग-तबल्याच्या शाईचें मर्म उलगडलें: साध्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात, शाईच्या भारानें ते मूळ स्वराच्या पटींत येतात. लेसर १९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत मेमन यांनीं प्रथम सिद्ध केला, आणि १९७३ सालीं लॉस एंजिलिस येथील ग्रिफिथ वेधशाळेंत संगीतावर लेसर नाचविण्याचे जाहीर प्रयोग सुरू झाले. आमचा डबा त्याच घराण्यांतला, जरा गरीब शाखेचा.

इथवर हा केवळ सुटींतला उद्योग होता. परंतु दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आमच्या मातोश्री, सर्वांच्या माई, येऊन बसल्या. माईंनीं ऐन उमेदींत बारा वर्षें गाण्याची तालीम घेतली होती. गेल्या सहा वर्षांत त्यांचे कान गेले. कानांतील यंत्रानें शब्द कसेबसे कळतात, सूर कळत नाहीं. म्हणून त्यांनीं तंबोऱ्यावर गवसणी चढविली ती पुन्हां काढली नाहीं. "जें मला ऐकूं येत नाहीं तें मीं दुसऱ्यांस कां ऐकवावें?" असें त्या म्हणत.

नातवानें त्यांस आडोशामागें बसवून डब्याकडे बोट दाखविलें. माईंनीं संकोचानें षड्ज लावला. भिंतीवर एक वेडीवांकडी रेघ थरथरली. त्यांनीं श्वास सांवरून पुन्हां सूर धरला. रेघ वळली, मिटली आणि तिचें बंद कडें होऊन स्थिर राहिलें. सूर हलला कीं कडें फुटे. सूर ठरला कीं कडें ठरे. माईंनीं तें चार-पांच वेळां करून पाहिलें. कोणी बोललें नाहीं.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगावयास हवी. ही आकृति सूर तंबोऱ्याशीं जुळला आहे कीं नाहीं हें सांगत नाहीं. तो स्थिर आहे कीं नाहीं एवढेंच सांगते. मीं हें कागदावर लिहून माईंस दाखविलें, कारण खोट्या आशेवर त्यांस ठेवणें बरें वाटेना. त्यांनीं वाचलें आणि म्हणाल्या, "स्थिर आहे ना? मग निम्मी तालीम शिल्लक आहे. जुळतें कीं नाहीं तें तुम्ही सांगा."

तेव्हांपासून रोज दिवेलागणीनंतर पाटावर डबा मांडला जातो. वहिनी तंबोरा छेडतात, माई त्याच्या भोपळ्यावर हात ठेवून त्याचा कंप घेतात आणि भिंतीकडे पाहून षड्ज लावतात. सूर चढला तर वहिनी बोट वर करतात, उतरला तर खालीं. दिवा लावण्यापूर्वीं आरसे झांकले कीं नाहीं हें पाहण्याचें काम फिर्यादींनीं स्वतःकडे घेतलें आहे, आणि त्यांत आरोपीस अद्याप एकदांहि सूट मिळालेली नाहीं.